दोनशे बिड्यांचा ऑस्ट्रेलिया

सोमवार, २३ ऑगस्ट १९४३

काल सभा संपल्यावर धुरपताबाई पदर झटकत उठली आणि म्हणाली, "मामाजी, तुमचा आस्ट्रेलिया आज मले दोनशे बिडीले पडला."

मी हसण्यावारी नेलं. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसून हिशेब केला. मी दोन तास बोललो. चांगल्या हाताची बाई तासाला शंभर बिड्या वळते. समोर त्रेचाळीस बाया होत्या. म्हणजे माझ्या भाषणापायी आठ हजार सहाशे बिड्या जगात यायच्या राहून गेल्या. पुरुष धरले नाहीत, ते रविवारी तसेही वळत नाहीत. आणि त्या बदल्यात बायांना मिळालं काय, तर ऑस्ट्रेलियातल्या गवंड्यांनी आठ तासांचा दिवस मिळवला त्याला सत्त्याऐंशी वर्षं झाली, ही माहिती. ती ऐकल्याबद्दल आज प्रत्येकीला दोन तास जास्त बसावं लागलं असणार. म्हणजे माझ्या आठ तासांनी त्यांचे बाराचे चौदा केले.

थकवा येतो. सहा वर्षं मी या गोंदियाच्या बिडी मजूर युनियनचा अध्यक्ष आहे. स्टेशनाबाहेर चहाचं हॉटेल आहे, त्याआधी बारा वर्षं कारखान्यात चेकर होतो, त्याआधी स्वतः बिडी वळायचो, त्याआधी तिरोड्याकडे लोकांची गुरं राखायचो. इंग्रजी शिकलो एका रेल्वे गार्डाकडून, चहाच्या बदल्यात. शाळेचं तोंड पाहिलं नाही, हे मी सभेत नेहमी सांगतो. लोकांना ते आवडतं.

ऑस्ट्रेलियाच का, हे मात्र सभेत सांगत नाही. रशियाचं नाव घेतलं की कोपऱ्यात बसलेला शिपाई पेन्सिल काढतो. ऑस्ट्रेलिया आपल्याच बादशहाच्या राज्यातला, लढाईत आपल्याच बाजूचा. त्याबद्दल काहीही बोला, शिपाई पेन्सिल कानावर ठेवून ऐकतो. एकदा तर त्यानंच विचारलं, "वहाँ सिपाही की भी युनियन है क्या?"

शिवाय रशियाचे पेपर मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियाचे मिळतात. मुन्नालाल किराणावाल्याकडे कलकत्त्याहून रद्दीच्या गठड्या येतात, त्यात सिडनी-मेलबर्नचे जाड जाड पेपर निघतात. कुठं वर्षाचे जुने, कुठं चार वर्षांचे. तो त्यात हळद बांधायच्या आधी मी चाळून घेतो. "दादा, तुम्हारा देश आ गया," म्हणून तो हाक मारतो.

गुरुवार, २६ ऑगस्ट

आज ताजी बातमी, नागपूरच्या पेपरात. ऑस्ट्रेलियात निवडणूक झाली आणि मजूर पक्ष भरघोस मतांनी पुन्हा गादीवर आला. तिथं मत देणं सक्तीचं आहे, घरी बसलं तर दंड होतो. माझं मत विचाराल तर हाच खरा कायदा. आपल्याकडे मत कोणाला, तर ज्याच्याजवळ जमीन, घरपट्टी नाहीतर शिक्षण. तिथं मेंढरांची लोकर कापणारा माणूसही दंडाच्या भीतीनं का होईना, राज्य निवडतो. आणि त्या लोकर कापणाऱ्यांच्याच युनियनांतून हा पक्ष निघाला, साहेबांच्या बंगल्यातून नाही. आपले पुढारी सांगतात, आधी स्वराज्य, मजुरांचं मागून बघू. मी म्हणतो, मजुरांचं मागून बघणारं स्वराज्य आलं तर त्यात मजूर मागेच राहील. हे जाहीर बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहितो.

बातमीत आणखी एक होतं. तिथल्या मोठ्या पार्लमेंटात या वेळी दोन बाया निवडून आल्या. पहिल्यांदाच.

संध्याकाळी बाया कारखान्यात माल देऊन परतताना हॉटेलापाशी थांबतात. त्यांना हे वाचून दाखवलं. सगळ्या ऐकत होत्या. धुरपताबाईनं विचारलं, "त्या बाया अगोदर का करत होत्या जी?"

"ते पेपरात नाही."

"बिडी तं वळत नसतीन."

सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "मामाजी, येत्या सभेत आमचा छाटीचा विषय घ्या. किती डाव सांगून राहिलो."

हा विषय म्हणजे असा. हजार बिड्या दिल्या की चेकर त्यांतून खराब म्हणून काही काढतो. पत्ता फाटका, जर्दा कमी, तोंड सैल. ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही, आणि छाट बाईला परतही मिळत नाही, कारखान्याकडेच राहते. बायांचं म्हणणं एवढंच की काढली तर काढा, पण आमच्या समोर मोडा. मोडली नाही म्हणजे ती खराब नव्हती.

मी समजावलं की ही बारकी गोष्ट आहे. आठ तास मिळाले, दर वाढला, तर छाटीला कोण विचारतो. हेही सांगितलं की सगळे चेकर सारखे नसतात. मी बारा वर्षं त्या पाटावर बसलो, एका बाईची एक बिडी कधी खाल्ली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो आणि सांगितलं.

धुरपताबाई माझ्याकडे पाहत होती. "हाव जी," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

मंगळवार, ३१ ऑगस्ट

आज तान्हा पोळा. रस्ताभर पोरांचे लाकडी बैल, त्यामुळे हॉटेल चाललं बरं. पण साखर संपली, गुळाचा चहा. बंगालात लोक तांदळावाचून मरताहेत आणि आपल्या स्टेशनावरून धानाच्या वॅगनी कुठं जातात ते कोणी सांगत नाही. स्टेशन मास्तरला विचारलं तर म्हणाला, "आप चाय देखिए."

जागेश्वर येऊन गेला. माझ्या जागेवर आता तोच चेकर आहे, मीच त्याला हाताखाली घेऊन शिकवलं. आठवड्यातून तीन-चारदा येतो, चहा पितो, जाताना बिड्यांचे दोन कट्टे काउंटरवर ठेवतो. पोरगा कृतज्ञ आहे. त्याला बायांची तक्रार सांगितली. तो म्हणाला, "मामाजी, हजारात साठ काढा असं मालकानं सांगूनच ठेवलं हाय. मी काही मनानं काढतो का? आन् साठ खराब नाई निघाल्या तं कुठून आणू? चांगल्यातूनच काढा लागते."

त्याचीही अडचण खरी आहे. माझ्या वेळी चाळीसच होत्या.

रविवार, ५ सप्टेंबर

सभेत आज पंचावन्न बाया, पाऊस असूनही. मी गुप्त मतदानावर बोललो. पेटीत चिठ्ठी टाकून, कोणाला न दाखवता मत द्यायची रीत जगात नेटानं पहिल्यांदा चालवली ती ऑस्ट्रेलियानं. इंग्लंड-अमेरिकेनं ती मागून उचलली. अमेरिकेत तर तिला अजून 'ऑस्ट्रेलियाची पद्धत' म्हणतात. आधी तिकडेही उघड मत होतं, मालक समोर उभा राहून बघायचा कोण कुणाचं नाव घेतो. गुप्त झालं तेव्हा मजुराच्या तोंडावरचा मालकाचा हात निघाला. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि चांगलं जमलं होतं.

धुरपताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मंग आपल्या युनियनमध्ये हात काऊन वर करा लागते?"

मी म्हणालो, आपल्यात काय लपवायचं.

"तेच तं. तुमी समोर बसता, मंग आमी हात वर करतो. नाई केला तं तुमाले दिसते. आस्ट्रेलियाचं आपल्याकडे लावा एक डाव."

एका म्हातारीनं मान हलवली, मग दोघींनी, मग सगळ्यांनीच. मला क्षणभर बरं वाटलं नाही, हे खरं लिहितो. पण मीच सांगितलेली गोष्ट मीच नाकारू कशी. म्हणालो, ठरलं. २६ तारखेच्या रविवारी अध्यक्षाची निवडणूक, ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीनं. कोण उभं राहतं?

ती म्हातारी म्हणाली, "धुरपता राहीन."

धुरपता म्हणाली, "राहीन मंग."

एकानं शंका काढली की २६ला पितृपक्ष आहे, अशा दिवसात नवं काम करत नाहीत. धुरपताबाई म्हणाली, "पितरं काई बिडी वळत नाई. आपल्यालेच वळा लागते."

घरी सांगितलं तर रुख्मा भाकरी थापता थापता थांबली. "तुमी पडले तं?"

"उघड हात वर केले तरी माझेच, लपवून केले तरी माझेच. फक्त आता ते सिद्ध होईल."

"हाव का," एवढंच म्हणाली माझी बायको.

गुरुवार, ९ सप्टेंबर

अंगात कणकण. हॉटेल रुख्मानं सांभाळलं. मुन्नालालनं नव्या गठडीतला एक पेपर पाठवला. त्यात कोणीतरी लिहिलं होतं की तिथल्या मूळच्या काळ्या लोकांना खानेसुमारीतच धरत नाहीत. मोजतच नाहीत. पान बाजूला ठेवलं. या वेळी हा विषय सभेत काढून उपयोग नाही.

मंगळवार, १४ सप्टेंबर

आज एक माणूस भेटला.

जवळच्या बिरसीला विमानांची नवी धावपट्टी झाल्यापासून गोरे सोल्जर स्टेशनावर दिसतात. ते माझ्या हॉटेलात येत नाहीत, त्यांचं वेगळं. आज गाडी तीन तास लेट होती. एक तांबडा, उंच पोरगा बाकावर येऊन बसला आणि बोट दाखवून चहा मागितला. टोपीची एक बाजू वर दुमडलेली. विचारलं, साहेब कुठले? तर म्हणाला, मेलबर्नजवळचा. बाप लोकर कापतो.

सहा वर्षं ज्याच्यावर बोललो ते माणसाच्या रूपात माझ्या बाकावर बसून गुळाचा चहा पीत होतं. मी माझ्या इंग्रजीत मजूर पक्षाचं अभिनंदन केलं. तो चकित झाला. मग त्याला आठ तासांचं विचारलं, मजुरीचे दर ठरवणाऱ्या तिथल्या कोर्टाचं विचारलं, सक्तीच्या मताचं विचारलं. पोरगा दिलदार होता. सगळं खरं आहे म्हणाला. इथं बसून आपल्या देशाचा सगळा कारभार ठाऊक असलेला माणूस भेटला, हे बापाला पत्रात लिहीन म्हणाला.

मग मी विचारलं, माझा पुतण्या हुशार आहे, लढाई संपल्यावर तिकडे कामाला आला तर युनियन त्याला घेईल का?

पोरगा सरळ होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, घेणार नाही. बंदरावरच अडवतील. मी म्हणालो, कायदा काय आहे? तो म्हणाला, कायद्यात रंगाचं नाव कुठं लिहिलेलं नाही. अधिकारी पन्नास शब्दांचा मजकूर वाचून दाखवतो आणि तो लिहून काढायचा. म्हणालो, पुतण्याला इंग्रजी येतं. तो म्हणाला, इंग्रजीत नाही घेणार. युरोपातली कोणतीही भाषा, जी त्याला येत नसेल ती.

"आणि मजूर पक्षाचं यावर काय म्हणणं आहे?"

त्यानं पेल्यात पाहिलं. म्हणाला, हा कायदा जपणाऱ्यांत सगळ्यांत पुढे तेच आहेत. स्वस्त मजूर येऊन दर पाडतील म्हणून.

चहाचे पैसे घेतले नाहीत. तो देत होता, मी घेतले नाहीत. गाडी आली, त्यानं सलाम केला.

बुधवार, १५ सप्टेंबर

रात्रीत राग गेला नाही. परीक्षा घेणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक, फक्त चूक शोधायची बाकी. आणि चूक तर सापडणारच, कारण सापडेपर्यंत तो शोधणार. सरळ म्हणा की नको आहेस. ते म्हणणार नाहीत. समोरच्याच्या हातात त्याचीच चूक देऊन परत पाठवायचं, म्हणजे वर तोंड करून भांडताही येणार नाही. असल्या पाटावर बसून असलं काम करणाऱ्या माणसाला झोप कशी येते, मला समजत नाही.

माझं मत पक्कं आहे की मजुरांचा पक्ष एका रंगाच्या मजुरांपुरता राहिला तर तो पक्ष नाही, ती जात आहे. आपल्याला जातीचं नवं काही नाही. पण मी जात सोडून ज्याच्याकडे पाहत होतो तिथंही तीच निघाली, याचा शीण आला.

रुख्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तिथंबी दारावर चेकर बसला हाय."

मी म्हणालो, तसं नाही, ही वेगळी गोष्ट आहे.

"वेगळी असन," म्हणाली आणि कढई घासायला लागली.

सभेत हे सांगायचं नाही असं ठरवलं. निवडणूक तोंडावर आहे. ऑस्ट्रेलियाचं नाव खाली गेलं तर माझंही जाईल, लोकांच्या डोक्यात आता दोन्ही एकच आहेत.

रविवार, १९ सप्टेंबर

मताची सोय ठरली. कागद कंट्रोलात, मिळत नाही, आणि मिळाला तरी बायांना लिहिता येत नाही. मला युक्ती सुचली. दोन मडकी ठेवायची, एकावर चुन्याचा ठिपका माझा, एकावर कुंकवाचा धुरपताबाईचा. मध्ये पोत्याचा पडदा. प्रत्येकीनं घरून स्वतः वळलेली एक बिडी आणायची आणि हव्या त्या मडक्यात टाकायची. सगळ्यांना पटलं. बिडीचं मत, म्हणून हसलेही.

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, कोणाला सांगण्यासारखी नाही. बिडीवरून हात ओळखू येतो. कुणाची बिडी तळाशी बारीक, कुणाची गळ्याशी घट्ट, कोणी दोरा दोनदा फिरवते, कोणी तोंड नखानं दाबते. बारा वर्षं पाहिलं म्हणजे डोळे मिटून बोटांनीच कळतं ही सखूची, ही पार्बतीची. युक्ती सुचली तेव्हा हे मनात नव्हतं. घरी येताना आलं. मग बदलावं की नाही असा विचार केला. नाही बदललं. आपले कोण आणि परके कोण, अध्यक्षाला कळलेलं बरं असतं. मी कुणाचं वाईट थोडंच करणार आहे.

धुरपताबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं, उमेदवार म्हणून. उभी राहिली, पदर सारखा केला. म्हणाली, "मामाजी बारा साल चेकर होते. मी बारा साल त्याईच्या समोर उभी होती. मले त्याईनं शिवी नाई देली कधी. मी आली तं छाट समोर मोडून मागीन. बस, एवढंच."

मी चाळीस मिनिटं बोललो. आज ऑस्ट्रेलियाचं नाव एकदाच घेतलं.

शनिवार, २५ सप्टेंबर

जागेश्वर म्हणत होता, बायांच्या वस्तीत काहीतरी चाललंय, धुरपताच्या ओट्यावर आठवडाभर येणं-जाणं. मी म्हणालो, चालू दे, निवडणूक म्हटली की येणं-जाणं आलंच. तो म्हणाला, "उद्या तुमी पडले तं माझं काई खरं नाई." हसत म्हणाला, पण चहा अर्धा टाकून गेला.

रविवार, २६ सप्टेंबर

सगळं सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

सकाळी आठला सुरुवात. एकशे सत्त्याऐंशी मतं पडली. एवढी माणसं आमच्या सभेला कधी आली नव्हती. शिपायानं रांग लावली, हौसेनं. एक एक जण पडद्यामागे जायचं, मडक्यात आवाजही व्हायचा नाही. बिडी पडते तिला आवाज नसतो.

अकराला मडकी उघडली. मी आणि ती म्हातारी मोजायला. माझं मडकं आधी, चटईवर ओतलं, अठ्ठेचाळीस. मी म्हणालो, चूक असेल, पुन्हा मोजा. पुन्हा अठ्ठेचाळीस. तिच्या मडक्यातून एकशे एकोणचाळीस निघाल्या.

सगळे माझ्याकडे पाहत होते, मी काय करतो ते. मी तिच्या ढिगातली एक बिडी उचलली. हाताला सवय. अंगठ्यानं फिरवली. तळाशी बारीक, गळ्याशी घट्ट, दोरा दोनदा. दुसरी उचलली. तळाशी बारीक, गळ्याशी घट्ट, दोरा दोनदा. तिसरी, चौथी, दहावी. मग माझ्या ढिगातली. तीच.

एकाच हाताच्या होत्या. एकशे सत्त्याऐंशीच्या एकशे सत्त्याऐंशी. हात धुरपताबाईचा. बारा वर्षं ओळखतो, तिच्यासारखी बिडी गोंदियात दुसरी कोणी वळत नाही.

ती समोर बसून माझी बोटं पाहत होती. म्हणाली, "मीच वळल्या जी साऱ्याईच्या. वस्तीत घरोघरी वाटल्या. मरदायलेबी देल्या. तुमाले हात वळखू येते, हे आमाले माहीत होतं. गुप्त म्हंजे गुप्त पाहिजे, तुमीच सांगतलं."

मी म्हणालो, हो. दुसरं काय म्हणणार. माझी अठ्ठेचाळीस मतंही तिनंच वळलेल्या बिड्यांनी पडली, म्हणजे मला मत द्यायलाही तिनं लोकांना मोकळं सोडलं, हे तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय.

मग मी उठलो. निवडणूक संपली, नव्या अध्यक्षाला नमस्कार केला. चटई आवरायची म्हणून वाकलो आणि सगळ्या बिड्या दोन्ही हातांनी गोळा करून माझ्या झोळीत भरल्या.

तेव्हा लक्षात आलं की सगळे माझ्या झोळीकडे पाहताहेत. शिपायानंही पेन्सिल काढली होती.

मी खरंच काही मनात आणून केलं नव्हतं. चटईवर पडलेल्या बिड्या, आता कोणाच्या नाहीत, त्या उचलायच्या असतात. हात आपोआप गेले. मागे कोणीतरी हळूच हसलं. जागेश्वर मान खाली घालून उभा होता.

धुरपताबाई म्हणाली, "मोडा जी, मामाजी." आवाज चढवला नाही. आपल्या घरच्या माणसाला भाकरी वाढा म्हणावं तसं म्हणाली.

मी खाली बसलो. झोळी उलटी केली. एक एक घेऊन मोडली. एकशे सत्त्याऐंशी बिड्या मोडायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वीस-तीस लवकर होतात. मग बोटं दुखायला लागतात, जर्दा नखात जातो. कोणी घरी गेलं नाही. दोघी-तिघी टोपल्या घेऊन तिथंच वळायला बसल्या. मी मोडत होतो आणि त्या वळत होत्या. चांगल्या बिड्या होत्या, मी शपथेवर सांगतो, त्यांत छाटण्यासारखी एकही नव्हती.

उठताना धुरपताबाईनं हात धुवायला पाणी दिलं. "आता तिथलं सांगत जा जी रविवारी," म्हणाली. "पण खरं सांगजा. बिरसीच्या साहेबानं काय सांगतलं ते रुख्माबाईनं सांगतलं आमाले."

"कधी?"

"झाले की चार-पाच दिवस."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी ऑस्ट्रेलियाची पद्धत घेतली. माणसं गैर असली म्हणून मडकं कशाला फोडा, असं म्हणाली ती. माझ्या सहा वर्षांच्या भाषणांतलं एवढंच तिनं ठेवून घेतलं, बाकी छाटलं. बरोबर छाटलं.

मंगळवार, २८ सप्टेंबर

काल लिहिलं नाही. नव्या अध्यक्षीणबाई सात जणींना घेऊन मालकाकडे गेल्या होत्या. मालक भेटला नाही, मुनीम भेटला. मुनीम म्हणाला, विचार करू. पुन्हा शुक्रवारी जाणार. मला बरोबर चला म्हणाल्या, इंग्रजी कागद आला तर वाचायला. जाईन.

जागेश्वर शनिवारपासून हॉटेलात आलेला नाही. तो आता येईल असं वाटत नाही.

दुपारी बिडीची तलफ आली. काउंटरवर पाहिलं, फळीवर पाहिलं, रुख्माच्या डब्यामागं पाहिलं. काही नव्हतं. मुन्नालालच्या दुकानात गेलो. तो रद्दी सोडत होता. "दादा, तुम्हारा देश आया है, देखोगे?"

म्हणालो, मागून बघतो, आधी एक बिडी कट्टा दे.

त्यानं मान वर केली. "कौनसा?"

मला एकाही छापाचं नाव सांगता येईना. मी म्हणालो, कोणताही. त्यानं एक कट्टा पुढं सरकवला आणि मी खिशात हात घालून उभा राहिलो. किती द्यायचे ते मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात बिडी विकत घेतली नव्हती.